ब्रदर, रिपोर्ट झाला का?

रात्री पावणेतीनला खिडकीवरची घंटा वाजते. सेंट्रिफ्यूज चालू असतं, त्याच्या घरघरीत पहिली घंटा बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. दुसरी जरा रागानं दाबलेली असते. मी उठतो, काच सरकवतो. समोर कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी बायको, हातात चुरगळलेली पावती. "ब्रदर, रिपोर्ट झाला का?"

मी ब्रदर नाही. दोन्ही अर्थांनी नाही. इस्पितळात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात आणि मी नर्स नाही, लॅब टेक्निशियन आहे. दुसरा अर्थ व्रत घेतलेल्या धर्मबंधूचा. तोही मी अजून नाही. तो व्हावं का, हे ठरवण्यात माझी चार वर्षं गेली आहेत.

सुरुवातीला मी खिडकीत लोकांना दुरुस्त करायचो. "ब्रदर नाही हो मी, टेक्निशियन." पण पहाटे तीन वाजता ज्याचा बाप आयसीयूत आहे त्याला या माहितीचा काय उपयोग? मग सोडून दिलं. आता कुणी ब्रदर म्हटलं की नुसतं "पाच मिनिटं" म्हणतो.

आधी या शब्दाचा घोळ निस्तरतो, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. आपल्या बोलण्यात ब्रदर तीन. एक इस्पितळातला. दुसरा सेमिनरीत शिकणारा, उद्याचा फादर. दीक्षा होईपर्यंत त्यालाही आपण ब्रदरच म्हणतो. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल मी लिहितोय, तो ब्रदर म्हणून येतो आणि ब्रदर म्हणूनच मरतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतो, इतर ब्रदरांबरोबर एका घरात राहतो, शिकवतो, रोग्यांची सेवा करतो, सुतारकाम करतो, हिशेब लिहितो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करत नाही, कन्फेशन, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली, ऐकत नाही. पुढची पायरी म्हणून फादर होणं त्याच्या वाटेवर कुठेच नसतं. सिस्टरला कुणी विचारत नाही की पुढे काय होणार. ब्रदरला हमखास विचारतात, "मग फादर कधी?" आणि तो "कधीच नाही" म्हणाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर येतं: अरेरे, नापास झाला वाटतं.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्येच म्हणून ठेवलंय की पौरोहित्याशिवायचं व्रतस्थ जीवन ही स्वतःत पूर्ण अशी अवस्था आहे. २०१५ मध्ये व्हॅटिकननं खास ब्रदरांची ओळख आणि त्यांचं कार्य यांवर एक दस्तऐवज काढला. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, ज्या संस्थांमध्ये फादर आणि ब्रदर दोघंही असतात तिथे ब्रदरलाही, परवानगी घेऊन, प्रमुख होता येईल अशी वाट मोकळी केली. हे सगळं मी मोठ्या उत्साहानं आईला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "व्हॅटिकनला कळलं असेल रे, पण तुझ्या मावशीला कुणी सांगायचं?"

सुरुवात कुठे झाली ते मला नेमकं सांगता येतं. घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम त्या महिन्यात माझ्याकडे होतं. यादीतला एक पत्ता ब्रदरांच्या घराचा होता. पेशंट ८२ वर्षांचे. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका ब्रदरनी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात ब्रश, बोटांना पांढरा रंग. खिडक्या रंगवत असावेत. दारातच एक बाई उभी होती, नुकतीच रडून थांबलेली. ते मला म्हणाले, "आत जा, उजवीकडची दुसरी खोली," आणि परत तिच्याकडे वळले.

आतल्या म्हाताऱ्या ब्रदरांचे हात बघण्यासारखे होते. आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलेलं. तळवे लाकडासारखेच, उजव्या अंगठ्याचं टोक थोडं गेलेलं. या वयात शिरा वरून ठसठशीत दिसतात, पण सुई टेकली की बाजूला सटकतात. पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली. मला घाम फुटला. "सावकाश," ते म्हणाले, "रक्त कुठं पळून चाललंय?" तिसऱ्या वेळी पालथ्या हातावर मिळालं. मी कापूस दाबून धरला होता तेव्हा त्यांनी विचारलं, "तू झोपतोस कधी?" इतक्या वर्षांत कुठल्याही पेशंटनं मला हे विचारलं नव्हतं.

बाहेर आलो तर ती बाई तिथेच, किल्ल्यांवाले ब्रदरही तिथेच. वीसेक मिनिटं झाली असतील. ते काही बोलत नव्हते, ऐकत होते. ब्रश एव्हाना वाळून कडक झाला असणार, हे माझ्या मनात आलं. त्यांच्या मनात ते आलेलं नव्हतं, ते त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

एवढंच. बायबलमधल्या शमुवेलाला रात्री तीनदा नाव घेऊन हाक आली तसं माझं काही झालं नाही. (रात्री माझं नाव कुणाला ठाऊकच नसतं. मला हाक येते तीच मुळी 'ब्रदर' अशी. हे मला फार उशिरा, बसमध्ये असताना सुचलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.)

तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण मला बिचारी करू नकोस." ती बिचारी नव्हतीच. आमच्यात आधी बघणारी तीच. एकदा म्हणाली, "तू माझ्याशी बोलत असतोस तेव्हाही तुझा एक कान दुसरीकडे असतो. दुसरी मुलगी असती तर मी भांडले तरी असते." पुढे तीन-चार महिन्यांत ते हळूहळू विरत गेलं आणि एके दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते मोडलं. घरी जाताना मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटका होती.

त्याच सुमारास मी एका फादरांकडे मार्गदर्शनासाठी जायला लागलो होतो. वय साठीच्या आसपास, बोलणं कमी, प्रश्न थोडके. मी त्यांना उत्साहानं सांगितलं, आता रस्ता मोकळा झाला. त्यांनी विचारलं, "सुटका आधी वाटली की दुःख?" मी म्हटलं, सुटका. "मग अजून सहा महिने थांब. सुटका म्हणजे पाचारण नव्हे, देवाची हाक नव्हे."

मला राग आला. पण थांबलो. दुःख आलं ते चौथ्या महिन्यात, रात्रपाळीत, काहीही कारण नसताना. स्लाइड बघता बघता दिसेनासं झालं. मला वाटलं आयपीसच खराब झाला. पुढच्या भेटीत हे सांगितलं तर फादरांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. म्हणाले, "आता बोलू. ज्याला गमावल्याचं काही वाटत नाही त्यानं ब्रह्मचर्याचं व्रत घेऊ नये. त्याच्याकडे द्यायला काय असतं?"

मधल्या काळात एका संस्थेच्या पाचारण-प्रमुखांना भेटून आलो होतो. संस्थेचं नाव घेत नाही. ते स्वतः फादर. माझे गुण, नोकरी, वय बघून म्हणाले, "तू हुशार आहेस, ब्रदर कशाला होतोस? फादर हो, उपयोग तरी होईल." वाईट माणूस नव्हे, मनापासूनच बोलत होते. पण त्या 'उपयोग' या शब्दावर मी आठवडाभर अडकलो. घरी येऊन खरंच विचार केला की फादर का नको? घाबरतोय का? प्रवचनाची भीती? लोकांपुढे उभं राहायची लाज? थोडी होती, नाकारत नाही. मग मिस्सेत बसलो असताना स्वतःलाच पकडलं. फादर वेदीवर होते आणि माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं. उशिरा येणारे, आत यावं की नको अशा विचारात उभे असणारे, लहान मूल रडतंय म्हणून बाहेर थांबलेले. लक्ष भरकटलं म्हणून मी हे पाप समजून कन्फेशनमध्येही सांगितलंय. आता वाटतं, ते भरकटणं नव्हतं.

ज्या संस्था फक्त ब्रदरांच्याच आहेत त्यांच्याबद्दल तेव्हा वाचायला लागलो. जाँ-बाप्तिस्त द ला साल हे स्वतः धर्मगुरू. १६८०च्या सुमारास फ्रान्समध्ये रीम्स इथे गरीब मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना त्यांनी एकत्र आणलं. त्यातल्या एका ब्रदरला फादर करायचं त्यांच्या मनात होतं, शिक्षणही चालू होतं. तो तरुण १६९० मध्ये अचानक वारला. द ला साल यांनी त्यातून जो अर्थ घेतला तो असा, की माझ्या ब्रदरांपैकी कुणीच फादर व्हायचं नाही. शिक्षकाचं सगळं लक्ष वर्गात हवं. मला आधी हा टोकाचा निष्कर्ष वाटला. मग आमच्या लॅबचा विचार केला. जो टेक्निशियन मनातून डॉक्टर असतो त्याचे नमुने कसे लागतात ते मी पाहिलंय.

आता त्या 'ठरवण्या'बद्दल, कारण लोकांना वाटतं प्रार्थना केली की उत्तर येतं. माझ्या बाबतीत प्रार्थना केली की झोप यायची. रात्रपाळीचा माणूस, दुसरं काय होणार.

फादरांनी मला येशूसंघ (जेझुइट) स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसची गोष्ट सांगितली. १५२१ मध्ये पाम्पलोना इथे तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला, महिनोन् महिने अंथरुणात. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एक शौर्याची, दरबाराची. दुसरी संतांसारखं जगण्याची. रंगायचा दोन्हीत सारखाच. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न सरलं की कोरडं वाटायचं, दुसरं सरलं तरी बरं वाटणं मागे राहायचं. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. गोष्ट ऐकून मी म्हटलं, "फादर, हे तर ब्लड कल्चर आहे."

त्यांना ते काय ते माहीत नव्हतं, म्हणून सांगावं लागलं. रक्तात जंतू आहेत का हे बघायचं असेल तर रक्त बाटलीत घालून उबेत ठेवतात. पाच दिवसांपर्यंत वाट बघतात. घाई करून उपयोग नसतो, डॉक्टरनं कितीही फोन केले तरी जंतू आपल्या गतीनंच वाढतात. आणि महत्त्वाचं म्हणजे रक्त एकाच जागेचं घेत नाहीत. दोन वेगळ्या जागी, दोनदा टोचून घेतात. कारण एकाच बाटलीत काही उगवलं तर ते पेशंटच्या कातडीवरचं असू शकतं, सुईबरोबर आत गेलेलं. दोन्हीकडे तेच उगवलं तर मात्र मानावं लागतं.

फादर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग तुझी दुसरी बाटली कुठाय?"

खरंच नव्हती. ब्रदर व्हावं असं मला जे वाटायचं ते सगळं एकाच जागचं होतं: दमलेलं असताना, एकटं असताना, रात्रपाळी संपून पहाटे घरी जाताना. आनंदात असताना, मित्रांबरोबर, सुट्टीत, पगारवाढ झाली त्या दिवशी तेच वाटतं का, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मग बघायला लागलो. एका लहान वहीत तारीख आणि एक ओळ. कुठे होतो, कसा होतो, काय वाटलं. इग्नेशियसचा आणखी एक नियम त्यांनी मला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला. मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मी त्याखाली माझ्या मनानं जोडलं: आणि फार भारावलेला असताना अर्ज भरायचा नाही.

वही चालवायला वेळ भरपूर मिळाला, त्याचं कारण अगदीच अनाध्यात्मिक होतं. कर्ज. कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, स्पष्ट आहे की ज्याच्यावर फेडता न येणारं कर्ज आहे त्याला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीत, घेऊ नये. माझ्या नावावर शिक्षणाचं कर्ज होतं, २६ हप्ते बाकी. दारिद्र्याचं व्रत घ्यायला निघालेल्या माणसाला आधी बँकेनं अडवावं, यावर ताई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला मात्र हा नियम पटला. आपलं देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालून देवाकडे जायचं हे काही बरोबर नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जायचा आणि त्या दिवशी मी वहीत एकच प्रश्न लिहायचो, अजून?

२६ पैकी १९ वेळा "हो" आहे. चार वेळा "माहीत नाही". दोनदा नुसती रेघ. आणि एकदा "नको, पुरे झालं, नोकरी बदलतो आणि शांतपणे जगतो." त्या 'नको'च्या आदल्या रात्री खिडकीत एका माणसानं माझ्यावर हात उगारला होता. रिपोर्टला उशीर झाला होता आणि चूक माझीच होती. नमुना दुसऱ्या रॅकमध्ये ठेवला गेला होता. म्हणजे तो 'नको' उदासीच्या दिवसातला, नियमानं बाद. पण मी तो खोडला नाही.

'हो' मात्र दोन्ही बाटल्यांत उगवले आहेत. ताईच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीही आहे. भरलेलं घर, ते मूल माझ्या हातात, मला असं काहीतरी हवं आहे हे कळत होतं, आणि तरी वहीत "हो". त्या 'हो'वर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे.

याच दिवसांत मला दारवान सापडले. एकामागून एक. आधी अल्फोन्सस रॉड्रिग्ज. स्पेनमधला कापडाचा व्यापारी, बायको गेली, मुलं गेली, धंदा बुडाला. येशूसंघानं आधी शिक्षण कमी म्हणून नाकारलं, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर, १५७१ मध्ये ब्रदर म्हणून घेतलं. पुढचं आयुष्य मयोर्का बेटावरच्या कॉलेजात, त्यातली बरीचशी वर्षं दारावर. दार वाजलं की म्हणे तो मनातल्या मनात म्हणायचा, "येतो, प्रभू." त्या कॉलेजात पीटर क्लेव्हर नावाचा विद्यार्थी होता. त्याला अमेरिकेला जा असं या दारवानानंच सुचवलं, आणि क्लेव्हरनं तिकडे जाऊन आपलं आयुष्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या सेवेत घालवलं. दोघांना संतपद १८८८ मध्ये एकाच दिवशी मिळालं. मग जर्मनीतला कॉनराड, आल्टऑटिंगच्या कपुचिन मठाच्या दारावर ४१ वर्षं. मग कॅनडातला आंद्रे बेसेट, तब्येतीनं इतका नाजूक की संस्था घ्यायलाच तयार नव्हती. मॉन्ट्रियलच्या कॉलेजात दारावर बसवलं आणि सुमारे ४० वर्षं तिथेच. तो गमतीनं सांगायचा म्हणतात, की मी आलो तेव्हा वरिष्ठांनी मला दार दाखवलं, आणि मी तिथेच राहिलो. १९३७ मध्ये गेला, २०१० मध्ये संत झाला.

मी हे रात्री लॅबमध्ये वाचायचो, मशीन चालू असताना. बेसेटवर होतो तेव्हा घंटा वाजली. मी मनात "येतो, प्रभू" म्हणून बघितलं. काच सरकवली तर आमचाच वॉर्डबॉय, पेन मागायला आलेला. दिलं. परत आलं नाही.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. आईला आधीपासून वास लागला होता, आयांना लागतो. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हातारपणी तुझं कोण बघणार?" मी काही तरी मोठं बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला. "मला उत्तर नको. जाऊन बघून ये आणि मग सांग."

म्हणून दहा दिवसांची रजा टाकून त्या ब्रदरांच्या घरी राहायला गेलो. "या आणि पाहा" म्हणतात याला, योहानाच्या शुभवर्तमानात येशू जे म्हणतो तेच. मी गेलो होतो थोडासा हवेतच. तीन दिवसांत उतरलो. एक ब्रदर सपाता घासत चालतात, पहाटे साडेचारला, माझ्या दाराबाहेरून. एक जण प्रत्येक वाक्य "तसं नाही" नं सुरू करतात. सकाळच्या प्रार्थनेत स्तोत्रं दोन बाजूंनी आलटून पालटून म्हणतात आणि मी सतत अर्धा शब्द पुढे. कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझ्या रांगेतले सगळे माझ्यासाठी थोडे भरभर म्हणायला लागले आहेत. इतकी लाज मला शाळेत छडी खाऊनही वाटली नव्हती.

आज्ञापालन मला ब्रह्मचर्याहून जड जाणार, हेही तिथेच कळलं. मला वाटलं होतं, मी इस्पितळातला माणूस, आजारी ब्रदरांची औषधं, नोंदी माझ्याकडे देतील. प्रमुखांनी मला जुन्या वह्यांचं कपाट आवरायला सांगितलं. दोन दिवस. मी आवरलं, पण मनातून इतका धुमसत होतो की कप्प्यांवर लावायच्या चिठ्ठ्या तीनदा चुकल्या. संध्याकाळी प्रमुखांनी विचारलं, "राग आला?" मी "नाही" म्हटलं. "बरं," म्हणाले, "आला की सांग." सातव्या दिवशी जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत, उपदेशही केला नाही. नुसतं म्हणाले, "मलाही ते कपाट दिलं होतं."

ते ८२ वर्षांचे ब्रदर आता ८६ आहेत. आता फारसं दिसत नाही. किल्ल्यांवाले ब्रदर त्यांना रोज सकाळी प्रार्थनाघरात आणतात, हात धरून नव्हे, कोपर पुढे करून, म्हणजे धरायचं की नाही ते यांनी ठरवायचं. जेवताना कुणीतरी न सांगता शेजारी बसतं. बाबांना सांगायला मला हे पुरेसं होतं.

परतल्यावर बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं, कोपरासकट. ते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. कन्फर्मेशनचाही. अर्जाला दोन्ही लागतात हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

पुढची मुदत मोठी आहे, आणि ती मला आवडते. आधी काही महिने नुसतं त्यांच्यात राहणं. मग नोव्हिशिएट, किमान बारा महिने, तेही नोव्हिशिएटच्याच घरात. त्यात कधीही उठून निघून येता येतं, कुणाला कारण द्यावं लागत नाही. मग तात्पुरती व्रतं, कमीत कमी तीन वर्षं, सहापर्यंत, अगदीच वाटलं तर वाढवून नऊ. मग कायमची. लग्नात इतकी मुदत कुणी देत नाही, असं मी तिला फोनवर म्हटलं. ती म्हणाली, "तुला दिली होती मी. दोन वर्षं."

अर्ज समोर आहे. सगळं भरलंय, एक रकाना सोडून. "धर्मगुरू न होता ब्रदर का व्हावंसं वाटतं? १०० शब्दांत." इथे किती झाले ते तुम्ही बघताच आहात. त्या रकान्यात काल रात्री पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, "मला दारावर उभं राहायला आवडतं." शाईनं लिहायचं धैर्य अजून झालेलं नाही. लिहिलं तरी पाचारण-प्रमुख त्यावर काय म्हणतील माहीत नाही. ते नकारही देऊ शकतात. ठरवायचं एकट्या मलाच नसतं, त्यांनाही असतं, हे मी चार वर्षांत बहुतेक वेळा विसरूनच होतो.

त्या दहा दिवसांच्या शेवटी, निघायच्या दिवशी सकाळी मी म्हाताऱ्या ब्रदरांच्या पायांची नखं कापत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, दिसली म्हणून. या वयात पायाची नखं जाड आणि ठिसूळ होतात, तशीच कापली तर चिरतात. कोमट पाण्यात पाय ठेवावे लागतात, मग कडेकडेनं, थोडं थोडं. डाव्या अंगठ्याला बराच वेळ लागला. माझी बस होती आणि मी दोनदा घड्याळ बघितलं. त्यांना दिसत नाही, पण कळलं असावं.

"सावकाश," ते म्हणाले. "नखं कुठं पळून चाललीयत?"

मी त्यांना विचारलं, ओळखलंत का मला? चार वर्षांपूर्वी रक्त घ्यायला आलो होतो, तीनदा टोचलं होतं.

"तीनदा टोचणारे बरेच येऊन गेले," म्हणाले. मग पाय पुसून घेतले, सपाता चाचपून घातल्या. "परत कधी येणार?"

मी म्हटलं, अजून ठरायचंय ब्रदर, अर्ज भरायचाय, ते काय म्हणतात ते बघायचं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "नखं सहा आठवड्यांत वाढतात."